खैऱ्याचा एक फेरा

फार वर्षं झाली. किती, ते कुणी मोजून ठेवलं नाही. पण वाघजाळी गावात तेव्हाही डोंगराच्या कुशीला अशीच घरं होती, हाच ओढा होता, आणि ओढ्याकाठी सटवाजी तेल्याचा घाणा होता. घाण्याचं दगडी उखळ आजही तिथं आहे. भर थंडीत त्याच्यावर हात ठेवला तर दगड उबदार लागतो, असं म्हणतात.

ते दिवस धामधुमीचे होते. दसरा झाला, नद्यांचं पाणी उतरलं, की पेंढारी घोड्यांवर बसून निघायचे. धान्य न्यायचे, गुरं न्यायचे, आणि पुरून ठेवलेलं दाखवत नाही म्हणून माणसाला झाडाला टांगायचे. वाघजाळीला ना तट होता ना तलवार. एक घळ मात्र होती. डोंगराच्या अर्ध्यावर, करवंदीच्या जाळीमागं, बाहेरून कुणाला दिसायची नाही अशी. टेकडीवरच्या राखणदाराची शीळ आली की सगळं गाव घळीत जाऊन बसायचं. आत एकच नियम. आवाज नाही. खोकला आला तरी पदराचा बोळा तोंडात घालून गिळायचा.

मोठ्या माणसाला गप बैस म्हणून सांगता येतं. तान्ह्या पोराला कोण सांगणार? म्हणून घळीत चढताना तान्ह्यांना अफूची बारीकशी गोळी चाटवायची चाल पडली होती. पोर झोपायचं आणि पेंढारी गेल्यावर उठायचं.

सारजाची पहिली मुलगी उठली नाही.

त्या सकाळी सारजा घळीतून उतरली ती सगळ्यांच्या शेवटी. गोळी पाटलानं स्वतःच्या हातानं दिली होती, गावासाठी दिली होती, म्हणून कुणी कुणाला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून पाटील सारजाच्या दारावरून जायचा तेव्हा मान खाली घालून जायचा.

पुढं सारजाला मुलगा झाला. हा तरी टिकावा म्हणून त्याला जन्मल्याजन्मल्या उकिरड्यावर ठेवलं, सुईणीनं उचललं, तिच्याकडून मूठभर जोंधळ्यावर परत घेतला आणि नाव ठेवलं केरू. केरातला केरू. देवाचीसुद्धा नजर जाणार नाही असं नाव. पोर दिवसा लबाड हसायचं, गुटगुटीत होतं. पण रात्र झाली की निजायचं आणि उठायचं, निजायचं आणि उठायचं. एकदा उठलं की पुन्हा डोळा लागता लागत नसे.

आणि इथंच गावाचं चुकत होतं. घळीची दहशत गावाच्या हाडांत मुरली होती. पोर रडलं म्हणजे पेंढारी आले, असं प्रत्येकाच्या काळजाला वाटायचं. केरू नुसता कुरकुरला की शेजारपाजारची दारं धडाधड उघडायची. ठकूआजी मीठमोहऱ्या घेऊन यायची. सुतारीण खुळखुळा घेऊन यायची. गुरवाचं पोरगं घंटा घेऊन यायचं. दिवा लागायचा, चूल पेटायची, पोर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचं.

"उताणा धर त्याला!"

"उताणा नको, खांद्यावर घे!"

"अगं, दृष्ट लागलीय, डोळे बघ कसे टकाटका बघतोय."

"टकाटका न बघून काय करील? निम्मं गाव गोळा झालंय तमाशाला!" हे बोलायची सुतारीण, आणि बोलता बोलता खुळखुळा वाजवतच राहायची.

केरू बिचारा अर्धवट झोपेत कूस बदलायला हलला, तर भोवती जत्रा! मग तो जो सूर लावायचा तो पार कोंबडा आरवेपर्यंत. सारजाचा नवरा रायाजी राखणीला टेकडीवर असायचा. त्याला तिथवर ऐकू यायचं, असं म्हणतात.

पावसाळा सरत आला. तिळाला फुलं लागली. आणि एका संध्याकाळी पाटील सारजाच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"सारजा, दसरा जवळ आला."

"व्हय."

"पोराचं काय?"

"गोळी मी देणार न्हाई, पाटीलबाबा."

पाटलाची मान खालीच होती. त्याचे डोळे ओले होते. "मला तरी द्यायची हौस हाय का गं? पण सगळ्या गावाचा जीव त्या एवढ्याशा गळ्यात अडकलाय. शीळ वाजायच्या आत पोर रात्रीचं गप राहू लागलं, तर ही गोळी मी तुझ्यादेखत ओढ्यात फेकीन. न्हाई राहिलं, तर एकतर गोळी, न्हाईतर तू घळीत येऊ नको."

त्या रात्री केरू उठला, तेव्हा शेजारची दारं वाजायच्या आतच ती त्याला उचलून अंधारात बाहेर पडली. कुठं जायचं ठाऊक नव्हतं. पाय नेतील तिकडं चालत राहिली. ओढ्याकाठी आली, आणि एकदम केरू गप झाला.

कर्र... कुंई. कर्र... कुंई.

सटवाजीचा घाणा चालू होता. सटवाजी म्हातारा होता, एकटा होता, रात्री त्याला झोप नसे, म्हणून गारव्यात तो तीळ गाळायचा. त्याचा बैल खैऱ्या डोळ्यांना झापड बांधून उखळाभोवती फिरायचा. दारापासून निघायचा, पेंडीच्या ढिगाजवळून जायचा, ओढ्याकडच्या भिंतीला वळसा घालायचा, की परत दारात. फेरा ना लवकर संपायचा ना उशिरा. सटवाजी बैलामागच्या फळीवर बसून त्याच्यासंगं फिरायचा. माणूस मितभाषी होता, आणि बोललाच तर दोन शब्दांच्या मधे खैऱ्याचा अर्धा फेरा व्हायचा.

त्यानं सारजाला बघितलं. फळीवर जरा सरकून जागा केली.

सारजा बसली. घाणा फिरला. दोनचार फेऱ्यांत केरूची मान कलली, मूठ सैल झाली, आणि पोर झोपलं! सारजानं श्वास रोखला. असं गाढ झोपलेलं पोर तिनं पहिल्यांदाच पाहिलं. ती हलक्या पायांनी उतरली, घरी गेली, त्याला अंथरुणावर ठेवलं, स्वतः आडवी झाली न झाली तोच केरूनं डोळे उघडले आणि टाहो फोडला. पुन्हा घाणा. पुन्हा झोप. पुन्हा घर. पुन्हा टाहो.

मग रोजच असं झालं. सटवाजीला त्या पोराचा लळा लागला. पोर झोपावं म्हणून त्यानं रात्रभर घाणा फिरवायला घेतला. गावचे तीळ संपले, करडई संपली, जवस संपलं. मग त्यानं रिकामा घाणा फिरवला. दगडावर लाकूड घासायला लागलं. गाव हसायला लागलं.

"काय सटवाजी, वारं गाळतोस का?"

"तेल निघालं की शेरभर आमच्याकडं पाठव हो!"

सटवाजी फिरवतच राहिला. पण एका रात्री खैऱ्या भिंतीपाशी थांबला आणि खाली बसला. उठवला तर उठेना. घाणा थांबला, केरू जागा झाला, आणि त्यानं असा हंबरडा फोडला की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकू लागली. सारजाही रडायला लागली. आता हेही पोर गेलं, असं ती म्हणाली.

सटवाजी खैऱ्याची मान खाजवत बसला. मग म्हणाला, "पोरी, समज, तू रात्री तुझ्या घरात निजलीस. मधेच डोळा उघडला तर बघतीस काय, दुसऱ्याच कुठल्या गावच्या वेशीत पडलीयस. काय करशील?"

"काय करणार? बोंब मारीन."

"मग हे काय वेगळं करतंय? निजतंय माझ्या फळीवर, फिरत फिरत. उठतंय तुझ्या अंथरुणात. त्याला वाटतं, माझा घाणा कुणी नेला!" सटवाजी स्वतःशीच हसला. "चूक माझी न् तुझी हाय. जिथं त्याला जाग येणार, तिथंच त्याला निजू दे. जागा असतानाच ठेव."

दुसऱ्या दिवशी सटवाजीनं घाण्याच्या खोपीत आढ्याला झोळी बांधली. संध्याकाळी केरूला तेल चोळलं, सारजानं पोटभर पाजलं, आणि डोळे जड झालेले पण उघडे, असं असताना त्याला झोळीत ठेवलं. दिवा विझवला. खैऱ्या हळूहळू फिरायला लागला. केरू थोडा रडला. सारजानं त्याच्या पोटावर हात ठेवला. थोडा आणखी रडला. मग झोपला.

मध्यरात्री कुरकूर झाली. सारजा झेप घ्यायला उठली, आणि बाहेर धप् धप् पावलं वाजली. ठकूआजी मीठमोहऱ्या घेऊन हजर! मागं सुतारीण, मागं घंटा. सटवाजी दारात हात आडवा धरून उभा राहिला.

"एक फेरा."

"काय एक फेरा?" ठकूआजी फणकारली. "पोर रडतंय तिकडं, मेल्या!"

"रडत न्हाई. कुरकुरतंय. खैऱ्याचा एक फेरा होऊ दे. फेरा झाल्यावरबी रडला, तर त्याची आय हात ठेवील. दुसऱ्या फेऱ्यातबी रडला, तर ती उचलून घेईल. भूक असंल, पोट दुखत असंल, तर तो काय असा-तसा रडणार हाय का? ते कळतंय. पण एक फेरा थांबा."

सगळ्या बाया दाराशी ताटकळल्या. खैऱ्या दारापासून निघाला. केरू कुरकुरत होता. खैऱ्या पेंडीच्या ढिगाजवळून गेला. केरूनं पाय झाडले. सारजाला तो फेरा वर्षाएवढा लांब वाटला, तिनं पदर दातांत धरला. खैऱ्या भिंतीला वळला. केरूची मूठ तोंडात गेली. चुटचुट, चुटचुट. आणि खैऱ्या दारात यायच्या आधी झोळी गप झाली!

ठकूआजीच्या हातातल्या मोहऱ्या तिथंच सांडल्या.

"अगं बया," ती कुजबुजली, "निजला की गं!"

मग काय, गावाला नाद लागला. रोज रात्री खोपीबाहेर माणसं चवड्यावर बसू लागली. झोळी हलली की एकमेकांना कोपरानं ढोसायचे, बोटानं हवेत फेरा काढायचे. कधी फेऱ्यात पोर निजायचं, कधी सारजाला हात ठेवावा लागायचा, एकदा दात येत होता तेव्हा तिनं त्याला सारी रात्र उराशी धरलं आणि सटवाजीनं ते बरोबर केलंस म्हणून सांगितलं. सटवाजी रोज घाणा थोडा आधी थांबवायचा. मग एका रात्री घाणा फिरलाच नाही. केरू उठला, अंधारात डोळे उघडून बघत राहिला, मूठ चोखली, निजला. त्या रात्री टेकडीवर रायाजीला वाटलं आपण बहिरे झालो, असं म्हणतात.

दसरा झाला. आणि एका काळोख्या रात्री टेकडीवरून शीळ आली.

सारं गाव उठलं. ना दिवा, ना हाक. लोक डोंगर चढले. सटवाजीनं खैऱ्याच्या डोळ्यांवरची झापड काढली, दावं सोडलं आणि कानात सांगितलं, "जा बाबा, रानात जा, सापडू नको." घळीच्या तोंडाशी पाटील उभा होता. त्यानं पागोट्याच्या टोकाची गाठ सोडली. गोळी त्याच्या तळहातावर होती.

"सारजा."

"न्हाई, पाटीलबाबा. पोर निजतंय आता."

"घाण्याजवळ निजतंय. इथं घाणा हाय का?"

सारजानं सटवाजीकडं बघितलं. सटवाजी म्हणाला, "पाटील, राहू द्या. त्याला जाग आली तर एक फेरा थांबू."

पाटलानं गोळी मुठीत दाबली आणि तो बाजूला झाला. ती घळीत गेली.

आत माणसाला माणूस चिकटून बसलं. खालून टापांचा आवाज आला. आधी लांब, मग ओढ्यात पाणी उडाल्याचा, मग घरांची दारं मोडल्याचा. गाव रिकामं बघून पेंढारी चवताळले. मशाली घेऊन डोंगराकडं वळले. जाळीखालच्या पायवाटेवर घोडी फुरफुरली. आणि नेमका तेव्हाच केरू हलला.

कुं... कुं...

अंधारात सगळ्या गावाचे हात एकदम उठले, त्याला धरायला, त्याचं तोंड दाबायला. आणि सटवाजीचा श्वासाएवढा आवाज आला.

"एक फेरा."

हात तसेच हवेत थांबले. साऱ्या गावानं डोळे मिटले आणि मनातल्या मनात खैऱ्या चालवला. दारापासून निघाला. केरू कण्हला. पेंडीच्या ढिगाजवळून गेला. केरूनं पाय झाडला. ठकूआजीनं ओठ चावला, रक्त आलं तरी सोडला नाही. खैऱ्या भिंतीला वळला... आणि चुटचुट, चुटचुट. खैऱ्या दारात आला. केरू निजला होता.

हात हळूहळू खाली आले.

पण त्याच वेळी खाली एका पेंढाऱ्यानं करवंदीच्या जाळीत भाला खुपसला आणि आरोळी ठोकली. केरू दचकून टक्क जागा झाला. ओठ थरथरले, छाती फुगली. आता हा रडणार, आणि भाल्याएवढ्या अंतरावर पेंढारी उभे. सारजानं पोटावर हात ठेवला. पाटलाची मूठ पुढं आली, उघडली. अंधारातसुद्धा सारजाला त्या तळहातावरची गोळी दिसली. तिनं आपल्या दुसऱ्या हातानं त्याची मूठ हळूच मिटवली.

आणि खालून आवाज आला.

कर्र... कुंई. कर्र... कुंई.

गावानं वळून बघितलं. सटवाजी तर इथंच बसला होता! मग घाणा कोण फिरवत होतं?

केरूनं मान त्या आवाजाकडं वळवली. छातीत भरलेला हुंदका लांब श्वास होऊन बाहेर पडला. डोळे मिटले.

"अबे, गावात माणूस हाय!" खालचा पेंढारी ओरडला. घोडी वळली. मशाली ओढ्याकडं धावल्या. पुढं काय झालं ते घळीतल्या कुणी पाहिलं नाही. पण सांगतात, पेंढारी घाण्याच्या दारात पोचले आणि त्यांनी बघितलं, जू आपोआप फिरतंय, बैल दिसत नाही, हाकणारा दिसत नाही. आधी त्यांना भीती वाटली. मग त्या आवाजानं त्यांचे डोळे जड झाले. कुणी घोड्यावरच पेंगला, कुणी भाल्याला टेकून. आपापल्या आयांची झोळी त्यांना आठवली, असं म्हणतात. पहाटे जाग आली तेव्हा एकमेकांची तोंडं बघायचीही त्यांना लाज वाटली. घोडी हळूच वळवून ते निघून गेले, आणि पुन्हा कधी वाघजाळीच्या वाटेला आले नाहीत.

उजाडल्यावर गाव खाली धावलं. दारं मोडली होती, पण एकाही घराला आग नव्हती. घाण्यापाशी खुरांची दाटी होती आणि एक परकं घोंगडं पडलं होतं. आत खैऱ्या उभा होता. रानात गेलाच नव्हता. डोळ्यांवर झापड नाही, मानेला जू नाही, अंगाला फेस आलेला. आणि उखळात तिळाचा एक दाणा नव्हता, तरी खालचं भांडं काठोकाठ तेलानं भरलं होतं.

सटवाजीनं बैलाच्या गळ्यात हात टाकला. "तुला जा म्हटलं होतं की रे," एवढंच तो म्हणाला.

पाटील सारजाकडं आला. तिच्यादेखत त्यानं गोळी ओढ्यात फेकली. मग घरात होती नव्हती तेवढी अफू आणून तीही फेकली. सारजानं केरूला त्याच्या हातात दिलं. पाटील त्या पोराला धरून उभा राहिला आणि पहिल्यांदाच तिच्यासमोर मान वर करून मोठ्यानं रडला. केरू मात्र निजूनच होता!

त्या तेलाचा दिवा किती पुरला ते विचारू नका. पुढं आसपासच्या गावांतून रात्र रात्र जागलेल्या आया पोरं घेऊन सटवाजीकडं यायच्या. तो त्यांना आधी पोटभर जेवायला घालायचा, त्यांना झोप म्हणायचा, आणि पोराकडं आपण बघायचा. पुष्कळ वर्षांनी तो गेला, तोही रात्रीच गेला. त्या क्षणी वाघजाळीतलं प्रत्येक तान्हं पोर एकदम जागं झालं. आया उठून बसल्या. कुणी हात लावला नाही. खैऱ्या तर कधीच गेला होता, पण ओढ्याकडून सगळ्यांना एक फेरा ऐकू आला. फेरा पुरा झाला, आणि सगळी पोरं आपली आपण निजली, असं म्हणतात.

आजही वाघजाळीत पोर जन्मलं की बाराव्या दिवशी बाप त्याला घेऊन त्या उखळाभोवती एक फेरा घालतो, बैलाच्या पावलांनी, सावकाश. त्या दिवशी घरात तिळाच्या तेलाचा दिवा लागतो आणि बाळंतिणीला कुणी काम सांगत नाही. गावच्या कुठल्याही शेतात अफू लावत नाहीत. आणि रात्री कुठल्या घरात पाळणा कुरकुरला, नवी आई घाबरून उठली, तर अंधारातून सासू तिचा हात धरते आणि म्हणते, "थांब गं, खैऱ्याचा फेरा होऊ दे."

दोघी अंधारात बसून राहतात. दार, पेंडीचा ढीग, भिंत. आणि बहुतेक वेळा, बैल दारात यायच्या आधीच पाळणा गप होतो.